‘रवा’ला ‘खा’ वाचणारा मुलगा

“मॅडम, अ ते ज्ञ घडाघडा म्हणतो, पण वाचत काहीच नाही. समोरच्या फ्लॅटमधली मुलगी याच्याच वर्गात आहे, ती पेपरचे मथळे वाचून राहिली!” नागपूरच्या मनीष नगरहून आलेल्या आईचं हे पहिलंच वाक्य. मुलगा साडेपाच वर्षांचा, इंग्रजी माध्यमाच्या केजी टूमधला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ही काळजी माझ्याकडे वर्षभर येते, शाळाप्रवेशाच्या दिवसांत जरा जास्तच.

मी एक चित्रांचं पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. आईनं लगेच ओळीवर बोट टेकवलं, “सांग बेटा, काय लिहिलंय?” मुलानं पानाकडे पाहिलंच नाही. तो आईच्या चेहऱ्याकडे बघत बसला, कारण बरोबर की चूक ते तिथे आधी कळतं. घरी काय चालत असेल ते मला तेवढ्यात समजलं. बिस्किटाचा पुडा असो की दुकानाची पाटी, अक्षर दिसलं की तोंडी परीक्षा.

म्हणून पहिला सल्ला हाच दिला, की महिनाभर असा एकही प्रश्न विचारायचा नाही. रात्री त्याला जवळ घेऊन गोष्ट वाचायची, ओळीखालून बोट सावकाश न्यायचं, आणि त्यानं तीच गोष्ट परत मागितली तर कुरकुर न करता तीच वाचायची.

“मग ती पाठ होईल त्याला. ते काय वाचन आहे?”

शंका रास्त होती. पाठ झालेली गोष्ट म्हणणं हे वाचन नव्हेच. पण पुढे कोणता शब्द येणार हे आधीच ठाऊक असेल, तर कानातला शब्द आणि कागदावरचा शब्द यांची जोडी लावायला मुलाला सोपं जातं.

खरी मदत झाली ती आजोबांची. ते वेकोलितून, म्हणजे इथल्या कोळसा कंपनीतून निवृत्त झालेले, आणि नातवाला मेट्रोचं वेड. बर्डीपर्यंत, म्हणजे सीताबर्डीपर्यंत, दोघांची फेरी ठरलेली. त्यांना एवढंच सांगितलं की स्टेशन आलं की पाटी दाखवून नाव तुम्ही म्हणा, त्याला म्हणायला लावू नका. उज्ज्वल नगर, जयप्रकाश नगर, छत्रपती चौक, अजनी चौक, पुढे काँग्रेस नगर. ‘नगर’मध्ये काना नाही, मात्रा नाही, आणि तो परत परत भेटतो. कोणत्या बालवाडीनं मुद्दाम आखला असता तरी पाठ इतका चांगला जमला नसता! एके दिवशी काँग्रेस नगरला पोरगा आपणहून ओरडला, “आजोबा, हे पण नगर!” नंतर त्यानं ‘नागपूर’ बघून विचारलं, यात पण न, ग, र आहेत, मग हे नगर का नाही? काना म्हणजे काय हे शिकवायची योग्य वेळ हीच. आजोबांनी ती सोडली नाही.

इकडे आजींनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. मग आईचा फोन आला, आवाजात घोर काळजी. “मॅडम, ‘रवा’ला ‘खा’ वाचतो.” आजी मागून म्हणत होत्या, “खाच म्हणते बाप्पा, तर खाऊन घे ना!” मी खूश झाले. डब्यात रवा आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. अंदाजानं ठोकायचं असतं तर तो ‘रवा’च म्हणाला असता. त्यानं चिठ्ठीवरची अक्षरं वाचली, आणि हातानं लिहिलेले र-व जवळ आले की ते ख दिसतातच. घ-ध, भ-म यांचा घोळही याच वयातला. ऱ्हस्व वेलांटी तर लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, तिथे मुलं काही महिने अडखळणारच. केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेनंही २०२१मध्ये मुलांना समजून वाचता यावं यासाठी तिसरीअखेरपर्यंतचा अवधी धरला आहे. केजी टूच्या मुलाला उशीर कसला झाला?

काही पालक उलट टोकाला जातात. आपोआप येईल म्हणून मूल वाऱ्यावर सोडतात. हे मला पटत नाही. बहुतेक मुलांना अक्षर आणि आवाज यांचं नातं कोणीतरी दाखवावंच लागतं, ते मुलानं विचारलं की लगेच दाखवावं. बोलणं अजून अस्पष्ट असेल, यमक कानाला कळत नसेल, घरात कोणाला वाचनाची अडचण असेल, तर वाट न बघता तज्ज्ञांना दाखवून घ्या, कान आणि डोळे आधी तपासा. या मुलाचे कान सर्दीत भरायचे म्हणून मीही तपासणी करायला लावली. रिपोर्ट चांगला आला. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षाआधी देत नाहीत, पण मदत तोवर थांबवायची नसते.

वडिलांचा प्रश्न होता इंग्रजीचा. मराठीत अक्षराचं नाव आणि आवाज जवळपास एकच. इंग्रजीतला सी ‘कॅट’मध्ये क होतो, ‘सिटी’मध्ये स. अक्षरातून आवाज निघतो हे मराठीत एकदा कळलं की तो लहरीपणा झेपतो. शाळेचं फोनिक्स, म्हणजे इंग्रजी अक्षरांचे आवाज शिकवणं, शाळेत चालू दे, घरी दुसरा वर्ग नको. पुढची भेट दिवाळीच्या सुट्टीनंतर ठेवली आहे, आणि तोवर त्याला वर्गात उभं करून वाचायला लावू नये, अशी चिठ्ठी त्याच्या टीचरना लिहून दिली आहे.