भाकिताचा पट्टा का फाकतो?

गेल्या खेपेला आर या आकडेमोडीच्या संगणकभाषेतल्या ‘बीएसटीएस’ पॅकेजची ओळख करून दिली होती. आकड्यांच्या मालिकेचे कल, हंगाम आणि बाहेरची कारणं असे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याबद्दल आपला आधीचा अंदाज सांगायचा आणि आकडे बघून तो सुधारू द्यायचा, एवढंच त्याचं काम. भाकीत तो एका आकड्यात नाही, पट्ट्यात देतो: खरा आकडा ज्यांच्या मधे पडण्याची दाट शक्यता, अशी खालची आणि वरची कड. स्टीव्हन स्कॉट यांनी गूगलमध्ये असताना ते लिहिलं. त्यानंतर सांगली-साताऱ्याकडून जी पत्रं आली त्यांत ‘चालत नाही’ थोडी आणि ‘चालतंय, पण उत्तर भलतंच येतंय’ बरीच. दुसरी तक्रार मला आवडते. निदान उत्तराकडे कुणी तरी बघतंय.

मॅडम, विंडोजवर पॅकेज बसतच नाही. ‘बूम’ नावाचं काही तरी तासभर कंपाइल होतं आणि शेवटी लाल अक्षरांत एरर. (तासगावचा एमएस्सीचा विद्यार्थी)

बूम म्हणजे बीएसटीएसच्या पोटातलं सी प्लस प्लसचं इंजिन, आणि ते अवाढव्य आहे. तुमचं आर जुनं असणार, त्यामुळे आयती बांधलेली फाइल मिळत नाही आणि ते सोर्सपासून बांधायला बसतं. आर नवं घ्या आणि ‘सोर्सपासून बसवू का’ असं विचारलं की ‘नाही’ म्हणा. सोर्सच हवा असेल तर आरच्या आवृत्तीशी जुळणारं आरटूल्स (कंपाइल करायची हत्यारं) आधी टाका. आणि एरर वाचताना पहिला वाचा, शेवटचा नको. खालचे सगळे त्याचीच पिल्लं असतात.

वडिलांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. राजापुरीच्या पाच वर्षांच्या रोजच्या भावांवर लोकल लिनिअर ट्रेंड लावून पुढच्या तीन महिन्यांचं भाकीत काढलं. पट्टा कर्ण्यासारखा फाकतो, खालची कड तर शून्याखाली जाते. वडील हसले. कुठे चुकलं? (सांगली)

सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लोकल लिनिअर ट्रेंडमध्ये दोन गोष्टी रोज थोड्या थोड्या हलतात: भावाची पातळी आणि तिचा उतार, म्हणजे भाव रोज किती चढतो किंवा उतरतो ते. हा उतार सुटलेल्या वासरासारखा असतो. जिकडे गेला तिकडे गेला, त्याला गोठ्याकडे ओढणारं काही नाही. आता आकडे घालून बघा. समजा, पातळीला रोज बसणाऱ्या धक्क्याचं प्रमाण विचलन (धक्का साधारण केवढा असतो ते) क्विंटलमागे 100 रुपये आहे आणि उताराला बसणाऱ्या धक्क्याचं फक्त 10 रुपये. महिन्याभरानंतर पातळीमुळे येणारी अनिश्चितता साधारण 550 रुपये, उतारामुळे येणारी 900. तीन महिन्यांनंतर पातळीची होते 950, पण उताराची पोचते 4,900 वर! पहिली मुदतीच्या वर्गमुळाने वाढते, दुसरी मुदतीच्या दीड घाताने. दोन्ही मिळून 95 टक्क्यांचा पट्टा वर-खाली जवळजवळ पावणेदहा हजार रुपयांचा. दहा रुपयांच्या किरकोळ धक्क्याने केलेली ही करामत. पॅकेज बिघडलेलं नाही. उतार कुठेही जाऊ शकतो असं तुम्हीच त्याला सांगितलंत.

उपाय दोन, आणि ते एकत्र करायचे. पहिला म्हणजे ‘ॲड सेमीलोकल लिनिअर ट्रेंड’ वापरा. त्यात उताराला दावं असतं, तो भटकला तरी दीर्घ सरासरीकडे परत ओढला जातो. पण ती सरासरीही तुमच्याच आकड्यांतून निघते. 2023 च्या जुलै-ऑगस्टात हळद कशी चढली ते वडिलांना विचारा. तुमची मालिका त्याच्या थोडीच आधी सुरू होऊन थोडीच नंतर संपत असती, तर मॉडेलने त्या तेजीलाच नेहमीची चाल मानलं असतं. पाच वर्षं आहेत ते बरं आहे, दहा मिळाली तर आणखी बरं. एकेका दिवसाचे सौदे फारच उड्या मारत असतील तर फॅमिली (चुकांचं वितरण) ‘स्टुडंट’ ठेवा, म्हणजे एका वेड्या दिवसापायी सगळं मॉडेल हलत नाही.

दुसरा उपाय, भावाचा लॉग घेऊन मॉडेल बसवा, शून्याखाली जाण्याची भानगड मिटते. मात्र परत रुपयांत येताना बहुतेक जण घसरतात. भाकिताच्या वस्तूत ‘डिस्ट्रिब्युशन’ नावाचा तक्ता असतो, त्यात प्रत्येक ओळ म्हणजे एक नमुना आणि प्रत्येक स्तंभ म्हणजे पुढचा एक दिवस. आधी या सगळ्या तक्त्याचा लॉग उलटवा (आरमध्ये ‘एक्स्प’), मग स्तंभागणिक सरासरी आणि कडा काढा. आधी लॉगची सरासरी काढून मग ती उलटवलीत तर हाती येतो तो मध्यकाच्या आसपासचा आकडा, खरी सरासरी त्याच्या वर असते.

एवढं करूनही पट्टा अरुंद होणार नाही, कमी फाकेल इतकंच. तीन महिन्यांनंतरची हळद कुणालाच ठाऊक नसते. वडीलही मनात एक पट्टाच धरून बसलेले असतात, ते तो काढून दाखवत नाहीत.

बेदाण्याच्या सौद्यांचे आकडे आहेत, सोमवार ते शनिवार. आठवड्याचा हंगाम म्हणून ‘एनसीझन्स’ 7 दिला, पण वारांमध्ये काही फरकच दिसत नाही. व्यापारी म्हणतात, फरक आहे. (मिरज)

व्यापारी बरोबर आहेत. तुमच्या तक्त्यात आठवड्याला सहाच ओळी आहेत आणि मॉडेल सात-सात मोजतंय. पहिल्या फेरीत पहिलं घर सोमवारचं, दुसऱ्या फेरीत त्याच घरात मंगळवार येऊन बसतो, तिसऱ्यात बुधवार. सगळे वार एकमेकांत कालवले गेले. ‘मग 6 देतो’ म्हणाल, तर तेही पहिल्या सुट्टीपर्यंतच टिकेल. दिवाळीत सौदे बंद राहिले की पुन्हा घसरण.

संपूर्ण कॅलेंडर तयार करा, रविवार-सुट्ट्यांसकट, आणि त्याला तुमचे आकडे जोडा. बंद दिवशी ‘एनए’ राहू द्या. मालिकेतली मोकळी घरं काल्मन फिल्टर (बीएसटीएसच्या आतली, दिवसागणिक अंदाज सुधारत नेणारी पद्धत) आपसूक सांभाळून घेतो. (बाहेरच्या कारणांच्या स्तंभांमध्ये मात्र मोकळी घरं चालत नाहीत, ती तुम्हालाच भरावी लागतात.) शून्य भरू नका. मी सुरुवातीला एका व्यापाऱ्याच्या आकड्यांत भरलं होतं, आणि दर रविवारी बेदाणा फुकट मिळतो असं मॉडेल छातीठोकपणे सांगू लागलं. तो गृहस्थ म्हणाला, “मॅडम, मग मी रविवारीच घेतो की!”

आमचं साताऱ्यात कंदी पेढ्यांचं दुकान आहे. रोजची विक्री आहे, चार वर्षांची. 52 आठवड्यांचा हंगाम लावला तरी गणपती आणि दिवाळी दर वर्षी चुकते.

चुकणारच. मॉडेलचं कॅलेंडर सूर्याचं, तुमच्या गिऱ्हाइकाचं तिथीचं. लक्ष्मीपूजन 2022 ला 24 ऑक्टोबरला होतं, 2023 ला 12 नोव्हेंबरला, 2024 ला 1 नोव्हेंबरला, 2025 ला 21 ऑक्टोबरला. मॉडेल या सगळ्यांची सरासरी काढून तीन आठवड्यांचा एक पसरट उंचवटा देतं. ऐन सणाला पेढा कमी पडतो, नसलेल्या सणाला उरतो.

बीएसटीएसमध्ये ‘डेट रेंज हॉलिडे’ आहे. त्याला प्रत्येक वर्षीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखा द्यायच्या, मग ‘ॲड रिग्रेशन हॉलिडे’ने तो मॉडेलमध्ये घालायचा. दिवाळीला वसुबारस ते भाऊबीज अशी मुदत धरा. मुदतीतल्या प्रत्येक दिवसाला वेगळा परिणाम मिळतो, त्यामुळे दर वर्षी दिवसांची संख्या आणि क्रम सारखा ठेवा. तिथीच्या वाढीक्षयाने एखादा दिवस इकडेतिकडे होतो, तेव्हा लक्ष्मीपूजन नेहमी त्याच क्रमांकावर येईल अशा बेताने तारखा घाला. मालिका ‘झू’ प्रकारची, तारखांसकट हवी, नाही तर पहिला दिवस कोणता ते त्याला कळत नाही. आणि लोक हमखास विसरतात ते म्हणजे पुढच्या वर्षीच्या तारखाही यादीत घालायच्या. 2026 ला अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे गणपती 14 सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. पंचांग मॉडेलच्या आत नाही.

सण वेगळे काढल्यावर 52 आठवड्यांची गरज उरते का, बघा. ‘ॲड ट्रिग’ला (हंगाम लाटांच्या रूपात मांडणारा तुकडा) 365.25 चा आवर्तकाल आणि दोन-तीन वारंवारता दिल्या तरी उन्हाळा, पावसाळा, कासच्या फुलांची गर्दी एवढं त्यात येतं, आणि मॉडेल हलकं होऊन भराभर पळतं. चार वर्षांत दिवाळ्या चारच हेही ध्यानात असू द्या. त्या आठवड्याचा पट्टा रुंद येईल, तेव्हा जास्तीचं दूध सांगून ठेवताना वरची कड बघा.

दर वेळी चालवलं की उत्तर वेगळं येतं. (कराड)

मॉडेल यादृच्छिक नमुने काढून उत्तर देतं. दर वेळी तेच नमुने यावेत म्हणून सुरुवातीचा एक आकडा, म्हणजे सीड द्या. पण सीड देऊन प्रश्न झाकू नका. दोन-तीन वेगळे सीड घालून बघा; उत्तरं पट्ट्याच्या मानाने किरकोळ हलत असतील तर ठीक. बरीच हलत असतील तर नमुने काढायच्या फेऱ्या कमी पडताहेत. ‘सिग्मा ऑब्स’चा, म्हणजे आकड्यांतल्या न उलगडलेल्या गोंधळाच्या अंदाजाचा, फेरीगणिक आलेख काढा. तो सुरुवातीला कुठून तरी उतरत येतो, तो भाग ‘सजेस्ट बर्न’ने टाकून द्या.

मारुती चौकात इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, कोल्हापूर आणि विट्यात शाखा. 2019 च्या महापुराने सांगलीच्या दुकानाचं किती नुकसान झालं, ते कॉजल इम्पॅक्टने काढलं. तुलनेला कोल्हापूर घेतलं, कारण दोन्हींची विक्री सारखी चालते. नुकसान जवळजवळ शून्य आलं! दुकानात पाणी होतं हो.

अहो, त्याच ऑगस्टात कोल्हापुरातही पंचगंगा शिरली होती. कॉजल इम्पॅक्ट हे एखाद्या घटनेचा परिणाम मोजणारं पॅकेज, ते आतून बीएसटीएसच वापरतं. तुलनेच्या मालिकेवरून ते ‘पूर आला नसता तर’चा आकडा बांधतं. तुलनेचं दुकानच बुडालेलं असेल तर ते म्हणणार, बाजारच मंदा होता. पुराआधी सारखं चालणं पुरेसं नाही, पूर त्या दुकानाला लागलेला नसणंही तेवढंच गरजेचं.

विटा बरं, पण तपासून. पुरानंतर सांगलीकर वायर आणि बोर्ड घ्यायला विट्याला गेले असतील तर तिथली विक्री फुगलेली असेल आणि तुमचं नुकसान जास्त दिसेल. शिवाय तुमचा धंदाच असा की पाणी ओसरल्यावर अख्ख्या पेठेने वायरिंग बदललं असणार. पहिला महिना आणि पुढचे तीन महिने वेगळे काढा. एकत्र बेरजेत खड्डा आणि उंचवटा एकमेकांना खाऊन टाकतात. एक चाचणी जरूर करा: जून 2019 पर्यंतचेच आकडे घेऊन ऑगस्ट 2018 मध्ये पूर आला असं खोटंच सांगा. तरीही ‘परिणाम’ दिसला तर मॉडेलवर विसंबू नका.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाण्याच्या पातळीचं मॉडेल केलं, कारण म्हणून कोयनेचा विसर्ग घातला. बसवताना छान बसलं, ‘प्रेडिक्ट’ला ‘होरायझन’ 5 दिला तर ‘न्यूडेटा’ मागतं. (सांगली)

बाहेरचं कारण घातलंत की पुढच्या पाच दिवसांचं ते कारणही तुम्हीच द्यायचं. मग ‘होरायझन’कडे पॅकेज बघतही नाही, ‘न्यूडेटा’त जितक्या ओळी तितके दिवस. उद्याचा विसर्ग माहीत नसेल तर कालचा-परवाचा विसर्ग कारण म्हणून घाला, किंवा ‘एवढं पाणी सोडलं तर’ असे दोन-तीन प्रसंग मांडून वेगवेगळी भाकितं काढा.

सराव म्हणून हे छान आहे, पण एक सांगते. कोयनेचे दरवाजे कधी आणि किती उचलायचे हे माणसं ठरवतात, जुन्या मालिकेत ते लिहिलेलं नसतं. त्यात हरिपूरच्या संगमावर वारणेचा फुगवटा. पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तुमच्या मालिकेत तसे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मागच्या पावसाळ्यांवर मॉडेल तपासत राहा. सामान माळ्यावर चढवायचं की नाही ते मात्र पाटबंधारे खात्याच्या आकड्यावर ठरवा.