चुलीचा धूर आणि हृदय

प्रश्न : माझ्या आईचे वय ६२ आहे. जवळजवळ चाळीस वर्षे तिने चुलीवर स्वयंपाक केला. चार वर्षांपूर्वी गॅस घेतला, तरी भाकरी आणि अंघोळीचे पाणी अजून चुलीवरच होते. तंबाखूचे व्यसन नाही. आता तिचा रक्तदाब १६०/९५ निघाला असून डॉक्टरांनी हृदयाचीही तपासणी सांगितली आहे. धुराने खोकला लागतो हे समजते. हृदयाचा त्याच्याशी काय संबंध? (एक वाचक, जि. सातारा)

उत्तर : संबंध आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. घरात लाकूड, गोवऱ्या, रॉकेल असे इंधन जाळल्याने होणाऱ्या प्रदूषणामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत ३२ टक्के हृदयविकाराचे आणि २३ टक्के पक्षाघाताचे होते. फुप्फुसांचे आजार त्यांच्या मागे राहिले.

आढ्याला लोंबणारी काजळी डोळ्यांना दिसते. खरा अपाय करणारे कण अडीच मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात. ते थेट फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत, पोहोचून तेथे दाह उत्पन्न करतात आणि त्या दाहातून निघणारी द्रव्ये रक्तात मिसळून रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात. अस्तर बिघडले की वाहिनी पुरेशी सैलावत नाही, रक्तदाब चढतो आणि चरबीचे थर वर्षानुवर्षे साचत जातात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे हृदयाला मिळणारा ऑक्सिजनही घटतो.

तरीही सारे खापर धुरावर फोडू नये. वय, मीठ, मधुमेह यांचाही वाटा असतो. तंबाखू नाही असे आपण लिहिले आहे, पण मिश्रीबद्दल, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीबद्दल, आईंना एकदा विचाराच. घरोघरी ती दात घासण्याची वस्तू समजली जाते, व्यसनांत तिची गणना कोणी करत नाही.

गॅस आला म्हणजे धूर गेला असे आपल्याकडे सहसा होत नाही. पाण्याची चूल तासभर धुमसते, म्हणून आधी ती घराबाहेर, दारखिडक्यांपासून दूर न्यावी. चुलीवरच्या भाकरीची चव मलाही ठाऊक आहे, पण निदान रोजची भाकरी तरी गॅसवर व्हावी. चूल बंद केली म्हणून रक्तदाबाचे औषध थांबवता येणार नाही, आणि हृदयाची तपासणीही लांबणीवर टाकू नये. स्त्रियांचा हृदयविकार दर वेळी छातीत कळ घेऊन येत नाही. कळशी उचलून आणताना धाप लागत असेल, जबडा किंवा पाठ भरून येत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.