बॉक्सिंग शिकू की एमएमए?

रत्नागिरीत राहतोस, बारावी झाली, आता बॉक्सिंग शिकू की एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स), असं विचारलंयस. माझं मत स्पष्ट आहे: आधी बॉक्सिंग.

बॉक्सिंगमध्ये फक्त मुठी, त्याही कमरेच्या वर. एमएमएत लाथ, कोपर, गुडघा, पाडणं, गळा आवळणं, सगळं चालतं. ग्लोव्हज साधारण 4 औंसांचे आणि बोटं उघडी, कारण पकडायचं असतं. व्यावसायिक बॉक्सिंगचे 8 किंवा 10 औंसांचे. बॉक्सिंगमध्ये पडलास तर रेफरी दहापर्यंत मोजतो, सावरायला वेळ मिळतो. एमएमएत पडलेल्यावर ठोसे चालूच राहतात. 2017 मध्ये एमएमएचा लढवय्या कॉनर मॅकग्रेगर बॉक्सिंगच्या नियमांनी बॉक्सर फ्लॉइड मेवेदरशी लढला आणि दहाव्या फेरीत हरला. एमएमएच्या पिंजऱ्यात निकाल उलटा लागला असता, असं मला ठाम वाटतं.

तरी बॉक्सिंग का? पायांची चाल आणि अंतराचा अंदाज तिथे पक्का होतो, शिवाय ऑलिंपिकची वाट आहे. भाट्याच्या किनाऱ्यावर मऊ वाळूत पुढे-मागे सरकत शॅडो बॉक्सिंग, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारायचा सराव, कर, पोटऱ्या बोलायला लागतील. गळा आवळायचे डाव मात्र मित्रांबरोबर पुळणीवर करून बघू नकोस. ते मॅटवर, प्रशिक्षकासमोरच. समोरच्याने हार मानून हाताने थोपटलं की त्याच क्षणी सोडायचं, हे आधी अंगात मुरायला हवं.