आर्ट्स अँड क्राफ्ट्स घराची वास्तुरचना: स्टँडनचे उदाहरण

प्रश्न असा आहे की आर्ट्स अँड क्राफ्ट्स, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये हस्तकलेचा पुरस्कार करणारी चळवळ, तिच्या शैलीचे घर म्हणजे त्या चळवळीचा अग्रणी रचनाकार विल्यम मॉरिसचे वॉलपेपर आणि हाताने घडवलेले फर्निचर एवढेच, की त्या घराच्या बांधणीतही काही वेगळे असते?

वेगळे असते, किंबहुना भिंतींवरचा सगळा कागद खरवडून काढला तरी यातले चांगले घर ओळखू येते. याचे उदाहरण म्हणून बहुतेक जण लंडनजवळच्या रेड हाउसचे नाव घेतात, पण वास्तुरचनाकार म्हणून मी स्टँडनचे घेईन. इंग्लंडमध्ये वेस्ट ससेक्स परगण्यात ईस्ट ग्रिनस्टेडजवळ असलेले हे घर वास्तुरचनाकार फिलिप वेब यांनी जेम्स बील या लंडनमधील सधन सॉलिसिटरसाठी आखले आणि 1894 मध्ये ते बांधून पूर्ण झाले. बील दांपत्याला सात मुले होती, त्यामुळे हे खऱ्या अर्थाने कुटुंबाचे घर होते. रेड हाउसही वेब यांचेच, 1859 मध्ये तरुण मॉरिससाठी आखलेले. पण त्यातील मुख्य खोल्यांची तोंडे उत्तरेला आहेत, आणि इंग्लंडच्या थंडीत याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. मॉरिस तेथे जेमतेम पाच वर्षे राहिले, तर स्टँडन 1972 पर्यंत बील कुटुंबाकडेच होते.

स्टँडनचा पहिला महत्त्वाचा निर्णय बांधण्याचा नसून न पाडण्याचा आहे. बील यांनी घेतलेल्या जमिनीवर एक जुने शेतघर आणि कोठार उभे होते. श्रीमंत मालकाच्या नव्या घरासाठी असले अवशेष हटवले असते तर कोणाला नवल वाटले नसते. परंतु वेब यांनी 1877 मध्ये मॉरिस यांच्यासोबत जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली होती, आणि येथे त्यांनी स्वतःच्या आराखड्यात तेच तत्त्व पाळले. जुने शेतघर ठेवून त्यांनी नवे घर त्याच्याशी जोडून घेतले आणि मध्ये हिरवळीची मोकळी जागा राखली. त्यामुळे एखादा वाडा पिढ्यान्‌पिढ्या खण जोडत वाढत जावा, तसे हे घर एका हाताचे असूनही अनेक काळांत वाढल्यासारखे दिसते आणि त्याचा मोठा आकार डोळ्यांवर येत नाही.

हाच परिणाम त्यांनी साहित्यातूनही साधला. घराच्या बाहेरच्या भिंती पाहिल्या तर विटा, त्याच जमिनीतून काढलेला वालुकाश्म, भिंतीवर टांगलेली भाजक्या मातीची कौले, एकीवर एक चढवलेल्या लाकडी फळ्या आणि खडबडीत गिलावा, असे सगळे एकाच इमारतीत सापडते. कागदावर ही यादी खिचडीसारखी वाटते, पण यातील प्रत्येक पद्धत ससेक्स आणि आसपासच्या शेतघरांत पूर्वीपासून रूढ होती. वेब यांनी ती नक्षी म्हणून चिकटवली नाही. साहित्य जेथे बदलते तेथे घराचा भागही बदलतो. पाण्याची टाकी उंचावर ठेवण्यासाठी मनोरा हवा होता, म्हणून मनोरा आहे.

आत गेल्यावर खोल्यांचा क्रम सूर्यावरून ठरवलेला जाणवतो. बैठकीची मोठी खोली दक्षिणेला, उतरत्या बागेकडे आणि पलीकडच्या दरीकडे तोंड करून आहे. जेवणाच्या खोलीला सकाळच्या न्याहारीसाठी पूर्वेचे ऊन घेणारा कोनाडा काढला आहे. सगळेच अचूक जमले होते असे मात्र नाही. प्रवेशाजवळचा हॉल वापरायला अपुरा पडू लागला, तेव्हा 1898 मध्ये वेब यांनीच त्याला पुढे आलेली खिडकी जोडून जागा वाढवली. घरात माणसे राहू लागल्यावर आराखडा दुरुस्त करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, हे मला विशेष आवडते.

ही चळवळ यंत्रविरोधी होती, असे सरसकट म्हटले जाते. स्टँडनमध्ये मात्र सुरुवातीपासून विजेचे दिवे होते. बैठकीच्या खोलीतील दिव्यांमागे तांब्याचे पत्रे लावले आहेत; त्यांवरील सूर्यफुले वेब यांनी रेखाटली आणि धातूचे कारागीर जॉन पिअर्सन यांनी ती ठोकून उठवली. त्याच खोलीच्या भिंतींवर मॉरिस यांचा सूर्यफुलांचा कागद आहे. म्हणजे सजावट आहेच, पण दिवा कोठे हवा, उजेड कसा परतावा आणि भिंतीवर काय असावे, यांचा विचार एकत्र झालेला आहे.

माझा एक आक्षेप आहे. वेब काही काळ सोशालिस्ट लीग या ब्रिटनमधील समाजवादी संघटनेचे खजिनदार होते, आणि कारागिराच्या श्रमाला मान मिळावा हा या चळवळीचा आग्रह होता. तरीही अशी घरे परवडत ती सॉलिसिटर आणि उद्योजकांनाच, आणि स्टँडनचा आराखडाही त्या काळाच्या चौकटीतलाच आहे: मालकांचा भाग लांबलचक दक्षिण बाजूने पसरलेला आणि स्वयंपाकघर व नोकरांचा भाग त्याला काटकोनात, बागेच्या दर्शनी बाजूवरून सहसा लक्षात न येणारा.