स्क्रीनवर पास, मशीनवर नट घासला

प्रश्न : सर, मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका जॉबशॉपमध्ये व्हीएमसीचे (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनचे) प्रोग्रॅम करतो. मागच्या आठवड्यात फाउंड्रीचा अॅल्युमिनियमचा पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठीचा नमुना) होता. सिम्युलेशनमध्ये कुठेच धडकेचं लाल दिसलं नाही, पण मशीनवर कोलेटचा (टूल आवळून धरणाऱ्या बाहीचा) नट उंच भिंतीला घासला. टूल धरणारा होल्डर बीटी40 टेपरचा, कोलेट ईआर32 मापाचं, टूल 10 मिमी एंडमिल. सॉफ्टवेअरमधली टूल लायब्ररी जुनी आहे, त्यात नटचा व्यास 42 आहे. होल्डरचं मॉडेल स्वतः कसं बनवू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रातला 42 हा आकडाच दोषी आहे. तो ईआर25 च्या नटचा व्यास. ईआर32 चा नेहमीचा नट 50 चा असतो. म्हणजे एका बाजूला 4 मिमीचा फरक. टूलचा सेंटर भिंतीपासून 23 मिमीवर चालला, तर स्क्रीनवर 2 मिमी मोकळं दिसणार आणि मशीनवर नट 2 मिमी भिंतीत जाणार. सॉफ्टवेअरने हिशोब चोख केला, पण माप दुसऱ्याच नटचं दिलेलं होतं.

मॉडेल बनवायला बसण्याआधी वर्निअर घेऊन टूलक्रिबमध्ये (टूल ठेवायच्या खोलीत) जा. टूल कोलेटमध्ये आवळलेलं असतानाच मापं घ्या : नटचा व्यास आणि उंची, त्यामागच्या बॉडीचे व्यास आणि टप्पे, टूल नटच्या बाहेर किती आहे, त्यात धार किती आणि शँक (धारेमागचा दांडा) किती. कॅटलॉगवर भागवू नका. होल्डरची लांबी कुणी नटसकट देतं, कुणी नट सोडून.

आता स्केच. फिरणाऱ्या टूलचा अर्धाच प्रोफाइल काढायचा, झेड अक्षाच्या एकाच बाजूला, अक्षावर बंद केलेला. रेघ अक्ष ओलांडून गेली की रिव्हॉल्व्ह (प्रोफाइल अक्षाभोवती फिरवून घन आकार करणं) बिघडतो. नटवरच्या पान्याच्या खाचा काढत बसू नका. फिरताना नट पूर्ण गोलच जागा व्यापतो. फ्लँजची (होल्डरच्या रुंद कड्याची) व्ही खाचही सोडा, बीटी40 ला 63 व्यासाचा सरळ गोल पुरतो. धार, शँक आणि होल्डर हे तीन भाग मात्र वेगळेच हवेत. तिन्ही एकत्र करून कटिंग म्हणून दिलेत, तर शँक मटेरियलला घासला तरी सॉफ्टवेअर तो कटच समजेल, आणि तुम्हाला इशारा मिळणार नाही.

सगळ्यात जपायचं ते शून्य. होल्डरचं शून्य गेज लाइनवर, म्हणजे टेपरचा (स्पिंडलमध्ये बसणाऱ्या निमुळत्या भागाचा) व्यास जिथे 44.45 होतो तिथे. बीटी40 मध्ये फ्लँजची वरची कड त्या रेषेच्या 2 मिमी खाली असते. पुष्कळ मुलं त्या कडेलाच शून्य धरतात, आणि सगळा होल्डर 2 मिमी वर सरकतो.

हे मी तळमळीने सांगतोय, कारण मला याची किंमत मोजावी लागली आहे. अक्कलकोट रोडच्या एका शॉपमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. पॉकेट (कोरायचा खळगा) 58 खोल, मॉडेलमध्ये टूल 65 बाहेर. ते एंडमिल मोडलं, ऑपरेटरने धार लावून आणलेलं दुसरं लावलं आणि ते 54 च बाहेर ठेवलं. लांबी नव्याने घेऊन मशीनमध्ये ऑफसेट (टूलच्या लांबीचा आकडा) बरोबर भरला होता, त्यामुळे खोली अचूक आली, पण नट वरच्या फेसवर बसला. पॉकेटच्या कडेने चंद्रकोरीसारखे ओरखडे, एकाला एक लागून. दोन पाळ्यांचं काम वाया गेलं. ऑपरेटरचा काही दोष नव्हता, कारण टूल किती बाहेर हवं हे मी सेटअप शीटवर लिहिलंच नव्हतं. आता प्रत्येक टूलपुढे ‘बाहेर किमान’ असा रकाना ठेवतो, आणि तो भरल्याशिवाय प्रोग्रॅम मशीनवर पाठवत नाही.

प्रश्न : टूल कंपनीच्या साइटवरचं स्टेप मॉडेल (तयार 3डी फाइल) घेतलं तर चालेल का? आणि लेथच्या टूलचं काय?
– तेच वाचक

उत्तर : चालेल, पण शून्य कुठे आहे ते आधी तपासा. थ्रेड आणि बारीक राउंड काढून टाका, नाहीतर सिम्युलेशन रेंगाळतं. लेथचा होल्डर फिरत नाही, म्हणून तिथे रिव्हॉल्व्ह नको. 25 बाय 25 चा शँक खराखुरा चौकोनीच काढा. इन्सर्ट (बदलता येणारा धारेचा तुकडा) वेगळा ठेवा, आणि तो सीएनएमजी 120408 मापाचा असेल तर टोकाला 0.8 चा रेडियस द्यायला विसरू नका.