घरचा बियर डिस्पेन्सर: गार होईना, फेस थांबेना

प्रश्न: जुळे सोलापुरात सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. ५ लिटरच्या केगचा (बियरचा बंद धातूचा डबा) टेबलावर ठेवायचा डिस्पेन्सर घेतलाय, आत कॉम्प्रेसर नाही, मागं पंखा आणि जाळी आहे, गॅसची छोटी नळकांडी लागते. थंडीत मस्त चालला, पण एप्रिल लागल्यापासून बियर धड गार होत नाही आणि पाऊण ग्लास नुसता फेस. गॅस कमी करून बघितला तर फेस अजून वाढला. ओळखीचा मेकॅनिक म्हणतोय आतली कूलिंग चिप मोठी टाकू. टाकावी का?

उत्तर: आत्ता नका टाकू. आधी तुमचं मशीन काय करतं ते बघा. त्यात पेल्टियर चिप असते, साधारण ४ सेंटिमीटरची चौकोनी पांढरी चकती, करंट दिला की एक बाजू गार आणि दुसरी गरम. ती आतली उष्णता फक्त मागं नेऊन टाकते आणि वर स्वतः खाल्लेल्या विजेचीही उष्णता मागंच सोडते. त्यामुळं असली मशीन खोलीपेक्षा साधारण २० अंश खाली जातात, त्याच्या पुढं दमतात. आता मे महिन्यात स्लॅबखालची तुमची खोली दुपारी ४० अंशावर असली तर बियर २० वर अडकणार, आणि तिला हवंय ३-४ अंश.

फेसाचं मूळही तिथंच आहे. बियर गार असली की गॅस तिच्यात विरघळून राहतो, कोमट झाली की सुटायला बघतो. नेहमीच्या लागर बियरला ४ अंशाला १०-१२ पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाब पुरतो, तीच २० अंशाला असली तर तेवढाच गॅस धरून ठेवायला २५ च्या वर लागतो. म्हणून तुम्ही गॅस कमी केला तेव्हा फेस वाढला, दाब घटला की गॅस वाटेतच सुटतो. दाब परत मशीनच्या पुस्तकात दिलाय तेवढा करा आणि त्याला हात लावू नका.

मग करायचं काय, तर गार करायचं काम मशीनवर टाकूच नका, त्याला फक्त गार ठेवायचं काम द्या. ५ लिटर बियर ३० अंशावरून ४ वर आणायची म्हणजे साधारण ५५० किलोज्यूल उष्णता काढायची, आणि चिपनं २० वॉट काढले तरी साडेसात तास गेले, तेही बाहेरून काहीच उष्णता आत येत नाही असं धरून, जे सोलापुरात होणं नाही. उलट १ किलो बर्फ नुसता वितळताना ३३० च्या वर किलोज्यूल ओढून घेतो. त्यामुळं केग आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नको, गोठला तर केग फुगू शकतो), किंवा बादलीत पाणी आणि भरपूर बर्फ घालून त्यात बुडवा. पाणी हवंच, नुसता बर्फ केगला सगळीकडून चिकटत नाही.

आता मशीनची मागची बाजू, खरी सुधारणा इथंच होते. प्लग काढून जाळीतली धूळ ब्रशनं साफ करा, भिंतीपासून एक वीत तरी लांब ठेवा. आपल्याकडं उन्हाळा कोरडा, म्हणजे डेझर्ट कूलर जोरात काम करतो, तर मशीन त्याच्या हवेत ठेवा की, फक्त तुषार उडणार नाहीत एवढं लांब. पंखा दमला असेल तर त्याच मापाचा, त्याच व्होल्टेजचा नवा बसवून घ्या, आणि मशीन उघडलंच आहे तर मेकॅनिकला चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता हवेत सोडणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता नीट पुढं जावी म्हणून लावतात तो लेप, बदलायला सांगा. एवढं झाल्यावरही कमी पडलं तर मोठ्या चिपचा विचार, पण सोबत मोठा हीटसिंक आणि तेवढे अँपिअर देणारा अडॅप्टर पाहिजेच. नुसती चिप मोठी केली तर मागची बाजू जास्त तापते आणि तीच उष्णता परत आत शिरते. बरीच मशीन अशीच वाया जातात.

राहिला नळ. पहिला ग्लास फेसाळतो कारण नळ आणि बाहेरची नळी तापलेली असते. नळीला एसीच्या तांब्याच्या पाइपला घालतात ते काळं फोम गुंडाळा, फ्रिज-एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतं. पाहुणे यायच्या आधी आपला सोलापुरी टेरी टॉवेल बर्फाच्या पाण्यात पिळून दहा मिनिटं नळावर ठेवा. ग्लास गार पाण्यानं विसळा, फ्रीझरमधला हिम धरलेला ग्लास नको, त्या कणांवरच गॅस सुटतो. ग्लास तिरका धरा आणि नळ एकदम पूर्ण उघडा, बरेच जण भीतीनं अर्धा उघडतात आणि अरुंद फटीतून जाताना तिथंच फेस होतो. आणि बाजारातून आणलेला केग हलून आलेला असतो, तो गार होताना काही तास निवांत राहू द्या.