विजयदुर्ग दोन दिवसांत पडला कसा?

प्रश्न : मी देवगडचा, नोकरी मुंबईत. गणपतीला गावी गेलो की पाहुण्यांना विजयदुर्ग दाखवायला नेतो आणि दरवेळी कोणीतरी विचारतंच, एवढा तिहेरी तटाचा किल्ला इंग्रजांनी दोन दिवसांत घेतला कसा? आजोबा म्हणायचे, फितुरी झाली. खरं काय?

उत्तर : आजोबांना एकदम खोटं पाडू नका हां, पण मला विचाराल तर फितुरीपेक्षा आगीचाच हात मोठा.

१२ फेब्रुवारी १७५६. इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनची जहाजं वाघोटणच्या खाडीच्या तोंडाशी शिरली आणि तोफा सुरू झाल्या. आता किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे, त्यांचं आरमार कुठे होतं, तर समुद्रात नाही, खाडीतच, किल्ल्याच्या आसऱ्याला, गुराबा (मोठी लढाऊ जहाजं) आणि गलबतं एकमेकांना लागून उभी. दुपारी एक गोळा पडला तो 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर, आणि गंमत बघा, हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेलं! सुकं लाकूड, दोरखंड, शिडं, वर दारूगोळा, मग काय, एकावरून दुसऱ्यावर करत आख्खं आरमार पेटलं. ज्या आरमारासाठी किल्ला, तेच डोळ्यासमोर जळताना तटावरच्या माणसांना काय वाटलं असेल.

आणि मालक घरात नव्हता. तुळाजी तहाचं बोलायला पेशव्यांच्या छावणीत गेलेले, किल्ला नातलगाच्या हवाली. हो, पेशव्यांच्याच, कारण ही मोहीम पेशवे आणि इंग्रज यांची मिळून होती, आदल्या वर्षी सुवर्णदुर्गही असाच गेला होता. त्यामुळे आजोबांच्या 'फितुरी'त तथ्य असेल तर ते इथे शोधा, एखाद्या दरवाजा उघडणाऱ्या किल्लेदारात नको.

त्याच रात्री क्लाइव्हने (हाच तो पुढच्या वर्षीचा प्लासीवाला) शिपाई जमिनीवर उतरवले, ते किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्या मधे, म्हणजे दोस्तांनी आधी आत शिरू नये म्हणून! १३ तारखेला परत मारा, संध्याकाळी किल्ल्याने शरणागती दिली. आत दहा लाखांच्या आसपास ऐवज सापडला तो इंग्रजांनी आपसात वाटून घेतला, वाटणीचं मुंबईतून निघायच्या आधीच ठरलेलं, दोस्तांना त्यातलं काही नाही. किल्ला पेशव्यांच्या ताब्यात आला तो ऑक्टोबरात, पुण्यात तह झाल्यावर. तुळाजी मात्र मरेपर्यंत कैदेत.

पुढच्या खेपेला पाहुण्यांना तट दाखवून झाला की खाडीच्या बाजूच्या बुरजावर न्या आणि खाली पाणी दाखवा, आग तिथे लागली होती.